खोली बांधायची की पगार द्यायचा?

आत्याला पैसे द्यायचे आहेत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतला एक भाग तिनं वेगळा ठेवला आहे आणि तो घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांसाठीच जायचा, हे तिचं ठरलेलं आहे. साताऱ्याकडच्या एका संस्थेच्या आवारात खोली बांधून द्यावी आणि दारावर आजीच्या नावाची पाटी लावावी, असा तिचा बेत. मी एका समुपदेशन केंद्रात काम करते. माझं म्हणणं, खोली बांधू नये; जे काम डोळ्यांना दिसत नाही त्याला पैसे द्यावेत. आमचा वाद दिवाळीत सुरू झाला, फोनवर चालू राहिला आणि पुढे पुन्हा समोरासमोर रंगला. तो इथे मांडते आहे, कारण आत्यासारखे पैसे हातात घेऊन ‘कुठे देऊ?’ म्हणून विचारणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांना एखाद्या संस्थेचा नंबर देऊन आपण मोकळे होतो.

“रात्री अकरा वाजता बाई अंगावरच्या साडीनिशी बाहेर पडते,” आत्या म्हणाली. “एक पोर कडेवर, एक हाताला. तिला त्या वेळी काय लागतं? छप्पर. मी तेच देतेय. यात चुकलं काय?”

“मला आधी हे सांग, बाहेर तिनं का पडायचं? मारतो तो आणि घर सोडते ती. 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला राहत्या घरात राहायचा हक्क दिलाय. सासऱ्याच्या नावावरचं घरसुद्धा तिच्यासाठी सामायिक घर ठरू शकतं, हे सुप्रीम कोर्टानं 2020मध्ये सतीश आहुजा खटल्यात स्पष्ट केलं. न्यायाधीश नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. तसा आदेश मागायचं सोडून आपण खोल्या बांधत बसलो, तर सासरचे म्हणणार, बरं झालं, बाईची सोय झाली.”

“आदेश किती दिवसांत मिळतो?”

“कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न, असं आहे.”

“कायद्यातलं नको सांगूस. तुझ्या केंद्रात काय होतं ते सांग.”

मी सांगितलं. नोटीस वेळेवर बजावली जात नाही. नवरा पत्ता बदलतो, नाहीतर घरात असून ‘गावी गेलाय’ असं सासूकडून सांगवतो. संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर कितीतरी गावांचे अर्ज साठलेले असतात. समोरचा वकील पुढची तारीख मागतो आणि ती मिळते. साठ दिवसांची वर्षं होतात.

“म्हणजे तुझा कायदा तारीख पाळत नाही तोवर माझी खोली लागणार,” आत्या म्हणाली. “आणि समज, आदेश मिळाला. ती त्याच घरात, सासू-दीर त्याच घरात. रात्री आतून कडी लागली की तुझा कागद कुठे असतो? हक्काचं मला पटतं गं. पण हक्क सांगायला बाई जिवंत पाहिजे.”

आत्या हे ऐकीव बोलत नव्हती. ती ज्या शाळेत होती तिथे मुलींचं वसतिगृह होतं. सातवीतल्या एका मुलीची आई एकदा रात्री तिथे येऊन उभी राहिली. डोक्याला खोक, हातात काही नाही. आत्यानं तिला अधीक्षिकेच्या खोलीत ठेवून घेतलं आणि गावातली चार मोठी माणसं नवऱ्याला घेऊन आली तेव्हा फाटकाचं कुलूप काढलं नाही. भाऊ येऊन घेऊन जाईपर्यंत बाई तिथेच राहिली. असं काम नेमाच्या पुस्तकात बसत नाही. त्या काळात, त्या गावात एका मुख्याध्यापिकेनं हे केलं याचं मोल मला कळतं, आणि छपराच्या बाजूनं ती बोलते तेव्हा मी ऐकून घेते.

पण तिचं सगळंच मला मान्य नाही.

“तू ज्या संस्थेत खोली बांधणार, तिथले नियम विचारलेस?” मी म्हणाले. “अनेक ठिकाणी मुलगा मोठा असेल तर आईबरोबर घेत नाहीत. मग ती मुलाला सासरी ठेवून येते आणि आठवड्यात त्याच्यासाठी परत जाते. काही ठिकाणी मोबाइल काढून घेतात. कामाला बाहेर जाऊ देत नाहीत. आधार कार्ड मागतात, ते नवऱ्याच्या कपाटात. मारापासून सुटली, पण उठायचं कधी, जेवायचं कधी, कुणाशी बोलायचं, हे पुन्हा दुसराच ठरवणार.”

“मग माझ्या खोलीचे नियम मी लिहीन. कडी आतून. किल्ली तिच्याकडे. पोरगं कितीही वर्षांचं असो, आईबरोबर.”

“संस्था ऐकेल?”

“ऐकणार नसेल तर दुसरी शोधेन.”

इथे आत्या जिंकली होती. किल्ली तिच्याकडे, हा एक नियम पाळायचा ठरवला तर निवाऱ्याचं अख्खं रूप बदलतं. पण तो पाळायचा तर दाराशी कुणी भरवशाचं माणूस हवं, रात्री फोन उचलणारं कुणी हवं, नवरा दारू पिऊन आवाराबाहेर उभा राहिला तर पोलीस ठाण्यात नेमकं कुणाशी बोलायचं हे माहीत असलेलं कुणी हवं. असं माणूस पगारावर राहतं, आणि पगाराला देणगी कुणी देत नाही.

आत्यानं मग इतिहास काढला. ती मराठी आणि इतिहास शिकवायची.

“खोल्या बांधू नका म्हणतेस. 1863मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते काय होतं? छप्परच होतं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन 1889मध्ये मुंबईत निघालं. तिथल्या अगदी पहिल्या मुलींमध्ये गोदूबाई होती, बालविधवा. तीच पुढे कर्व्यांची बाया झाली आणि हिंगण्याच्या संस्थेसाठी वर्गणी मागत हिंडली. हिंगण्याला तरी काय होतं आधी? गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, त्यातून 1900मध्ये झोपडी उभी राहिली. त्या झोपडीवर पुढचं सगळं उभं आहे. कुणीतरी विटांना पैसे दिले म्हणून.”

“विटांना दिले हे खरं. पण बायाची बहीण पार्वतीबाई आठवले आठवते ना? त्याही विधवा. संस्थेच्या वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, पुढे अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि पैसे जमवले. ती झोपडी टिकली ती अशा बायकांच्या पायपिटीवर. त्या पायपिटीचा खर्च कुठल्या पाटीवर लिहिलाय?”

“म्हणजे तूही कबूल करतेस, निवारा घेतलेली बाई उद्या निवारा देणारी होते.”

“होते. पण तिला कुणी वापरलं नाही तर. रमाबाईंचंच बघ. शारदा सदनाला पैसा आला बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून, दहा वर्षं मदत द्यायच्या कबुलीवर. धर्मशिक्षण द्यायचं नाही, हे ठरलेलं. 1893मध्ये पुण्यात ओरड झाली की मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, ख्रिस्ती होणार. केसरीनं झोड उठवली. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. एका बाजूला देणगीदार, एका बाजूला पुढारी, एका बाजूला स्वतः रमाबाई. त्यातल्या प्रत्येकाकडे त्या मुलींच्या भल्याची कल्पना होती. मला त्या गर्दीत एवढंच शोधावंसं वाटतं की त्या मुलींना कुणी विचारलं का, बाई, तुला इथे राहायचंय का?”

आत्या थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पण विचारायला आधी त्या तिथे यायला हव्या होत्या. न आलेल्यांना विचारायलाही कुणी नव्हतं.”

हेही खरं. ज्या घरात त्या परत गेल्या तिथलं आपल्याला काही वाचायला मिळत नाही.

पैशाचा विषय निघाला की आत्याचा आवाज शिक्षिकेचा होतो. हिशेब लागतो. 80जीची पावती लागते. काय झालं ते दिसावं लागतं.

“खोली दिसते,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी जाऊन मी बघू शकते. पगार दिला तर काय बघणार? कुणीतरी खुर्चीत बसून बोललं, एवढंच ना?”

“त्या खुर्चीत बसून बोलण्यानंच या राज्यातली चांगली कामं उभी राहिलीत. 1984मध्ये टाटा इन्स्टिट्यूटनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. म्हणजे केलं काय? प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसवली. बाई तक्रार घेऊन आली की तिचं म्हणणं पुरतं ऐकायचं, नवऱ्याला बोलावणं धाडायचं, गुन्हा नोंदवायचा की नाही हे तिला ठरवू द्यायचं. ते इतकं उपयोगी ठरलं की पुढे सरकारनं राज्यभर तसे कक्ष काढले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं ‘दिलासा’ सुरू केलं, तेही तसंच. बाई सांगते, मोरीत पाय घसरला. डॉक्टर टाके घालतो आणि परिचारिका शेजारच्या खोलीत पाठवते. तिथली ताई जखम बघून ओळखते की पाय घसरून अशी खूण उमटत नाही. ती ताई तिथे रोज असते, हीच तिची किंमत. एक वर्षाचा प्रकल्प संपला म्हणून ती गेली, तर पुढच्या खेपेला तीच बाई येते, रिकामी खुर्ची बघते आणि निघून जाते. ती पुन्हा कधी बोलेल याची खात्री नाही.”

“पण सरकारनं हे केलंय म्हणतेस, तर माझे पैसे कशाला?”

“सरकारनं पुष्कळ केलंय. 181 ही हेल्पलाइन आहे. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर 2015पासून सुरू झाली, तिथे बाईला पाच दिवसांपर्यंत राहता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. यातलं काही आपण पुन्हा उभं करायची गरज नाही. गरज आहे सहाव्या दिवसाची.”

सहाव्या दिवसापासून बाई आणि कागद यांची पळापळ सुरू होते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असं सुप्रीम कोर्टानं 2020मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितलं. ती हातात पडेपर्यंत खायचं काय, हे कोर्टानं सांगायची गोष्ट नाही. एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, पण तारखेचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. पोरांच्या शाळेचा दाखला जुन्या गावात अडकलेला. शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, पण हे मुख्याध्यापकांना जाऊन सांगणारं कुणी सोबत लागतं. (आत्या इथे म्हणाली, “मला सांगितलं असतंस तर मी गेले असते.” ती जाईल. तिला पाठवणार आहे.) भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक विचारतो, मिस्टर काय करतात? एकटी म्हटलं की डिपॉझिट वाढतं, नाहीतर खोली कालच गेलेली असते. बारा-चौदा तास पोळ्या लाटून आलेली बाई महिन्याचं भाडं भरू शकते, पण एकरकमी डिपॉझिट कुठून आणणार? बहुतेक बायका मार सहन होतो म्हणून परत जात नाहीत. या मधल्या महिन्यांत त्यांना पैसे आणि माणूस, दोन्ही पुरत नाहीत, म्हणून जातात.

खरा वाद इथेच पेटला.

“परत जातात ना,” आत्या म्हणाली. “मला त्याचाच राग येतो. आपण ठेवून घेतो, जेवू घालतो, वकील देतो. तो येऊन दोन आसवं गाळतो, पोरांना खाऊ आणतो, पाया पडतो आणि ही बॅग भरते. पुन्हा मार खाऊन परत येते. किती वेळा दार उघडायचं? मी माझ्या आईच्या नावानं पैसे देणार. ते असे वाहून जाणार असतील तर मला अट घालू दे. एकदा परत गेली तर पुन्हा मदत नाही.”

“मग ते पैसे देऊ नकोस.”

हे मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. अजूनही तेच म्हणेन.

“तू राग मानू नकोस,” मी पुढे म्हणाले, “पण ही अट नवऱ्याला हवी तशीच आहे. तो तिला रोज सांगत असतो, बाहेर तुला कुणी विचारणार नाही. आपण दुसऱ्यांदा दार लावलं की त्याचं बोलणं खरं करून दिलं. बाई एका झटक्यात बाहेर पडत नाही. ती जाते, येते, पुन्हा जाते. पहिल्या खेपेला अंगावरच्या साडीनं येते. दुसऱ्या खेपेला आधार कार्ड आणि पोराचा जन्मदाखला घेऊन येते. तिसऱ्या खेपेला तिनं बहिणीच्या नावावर थोडे पैसे ठेवलेले असतात. आपल्याला ते परत जाणं दिसतं, ही तयारी दिसत नाही. आणि सोडून निघण्याचा काळच सगळ्यांत धोक्याचा असतो, कारण तेव्हा त्याच्या हातून ताबा सुटत असतो. कधी निघायचं हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिला तुझे किंवा माझे पैसे वाचवायला घाई करायला लावली आणि तिच्या जिवाला काही झालं तर?”

“आणि ती कायमचीच परत गेली तर? तिथेच राहिली तर?”

“तरी आपला फोन लागला पाहिजे. काही वेळा मार थांबतोही. बाईच्या मागे कुणी आहे, महिन्याला कुणी विचारायला येतं, केंद्रात नवऱ्यानं लिहून दिलेलं आहे, हे कळलं की काही पुरुष हात आवरतात. सगळे नाही. पण नांदायचं की नाही हे ठरवायचं तिनं. आपण फक्त तिला ठरवायला सवड मिळवून द्यायची. मी दान म्हणते ते एवढंच. सवड. तिला विचार करता यावा, कागद जमवता यावेत, दोन महिने भाडं भरता यावं आणि मन बदललं तर तोंड लपवून फिरावं लागू नये.”

आत्याला हे पटलं नाही, निदान पूर्ण नाही. ती म्हणाली, सवड सगळ्यांना देता येत नाही, पैसे संपतात, मग आधी कुणाला? निर्धारानं निघालेल्या बाईला की डळमळणाऱ्या बाईला? हा प्रश्न टाळता येत नाही. आमच्या केंद्रातही तो दर महिन्याला येतो. मी एवढंच सांगितलं की डळमळणारी बाईच जास्त असते. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती. 77 टक्के बायकांनी मदत मागितली नव्हती आणि कुणापाशी बोलल्याही नव्हत्या. त्या कुठल्याच आश्रमाच्या दाराशी येत नाहीत. त्या आशाताईला भेटतात, अंगणवाडीत भेटतात, पालक सभेला शाळेत येतात. निर्धार करून आलेल्यांसाठीच पैसे राखून ठेवले तर या बायका आपल्या हिशेबातच येणार नाहीत.

“पालक सभेला येतात,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून येतात. आम्हाला कळायचं.”

शिलाई मशीनवर मात्र आमचं लगेच जुळलं. आत्याच्या ओळखीतलं एक मंडळ दर आठ मार्चला मशीन वाटतं, फोटो काढतं. मशीन घरात गेली की ती घराची होते, आणि घर त्याचं. दारूला पैसे कमी पडले की तीच पहिली विकली जाते. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार 2024पासून बायकांच्या खात्यात यायला लागले, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात आणि बँकेचा ओटीपी त्याच्या फोनवर, अशा बायका मला रोज भेटतात. मिळकत आणि मिळकतीवरचा ताबा यांत फार अंतर आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हे ओळखलं होतं. 1986मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा, असा कार्यक्रम निघाला. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी टाकलेल्या बायकांना एकत्र करून त्यांच्या हक्कांसाठी लढे उभे केले. सातबाऱ्यावर नाव, शिधापत्रिकेवर नाव. ज्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही तिला घराबाहेर काढायला नवऱ्याला फक्त दार लावावं लागतं.

“मग मशीनऐवजी काय?” आत्यानं विचारलं.

“तिच्या नावाचं खातं, दुसऱ्या बँकेत, जिथे त्याची ओळख नाही. तिचं सिमकार्ड. कागदांची एक पिशवी, जी तिच्या घरी न राहता आमच्याकडे किंवा शेजारणीकडे राहील. मशीन नंतर, तिच्या स्वतःच्या खोलीत.”

फोटोंवरून आत्या चिडली, पण माझ्यावर नाही. एका संस्थेच्या वार्षिक अहवालात लाभार्थी बायकांचे चेहरे स्पष्ट छापलेले तिनं पाहिले होते. “यांच्या नवऱ्यांना वाचता येत नाही का?” ती म्हणाली. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी कायद्यानं बंधनकारक झाल्यापासून फोटोची मागणी फार वाढली आहे. चेक मोठा, बॅनर मोठा, मध्ये बाई उभी. तिचं गाव, तिचा चेहरा, तिच्या मागची इमारत, सगळं दिसतं. नवऱ्याला पत्ता शोधायला आणखी काय हवं? देणाऱ्याला समाधान मिळावं यात गैर नाही. पण ज्या समाधानासाठी बाईला आपली ओळख द्यावी लागते ते मागायचा हक्क देणाऱ्याला नाही, कितीही मोठी रक्कम असली तरी.

“मग पाटीही नको म्हणशील,” आत्या म्हणाली.

“आजीच्या नावाची पाटी लाव. बाहेर रस्त्यावर ‘पीडित महिलांसाठी’ असं लिहू नकोस म्हणजे झालं. आत येणाऱ्या बाईला आणि शाळेत जाणाऱ्या तिच्या पोराला ते नाव कपाळावर नको.”

पुरुषांचा विषय आमच्या बोलण्यात उशिरा आला, आणि तोही आत्यानं काढला. सगळे पैसे बायकांवरच खर्च करायचे आणि मारणारा तसाच मोकळा, हे तिला खुपत होतं. मी तिला मुंबईच्या ‘मावा’ संस्थेबद्दल सांगितलं. ती 1993मध्ये पुरुषांनीच सुरू केली आणि कॉलेजच्या मुलांबरोबर काम करते. पुण्यात विद्या बाळांच्या नारी समता मंचानंही पुरुष संवाद केंद्र चालवलं. “हे आधी का नाही सांगितलंस?” ती म्हणाली. तिच्या शाळेतली दहावीची मुलं तिला आठवत होती. त्यातली काही आता चाळिशीची असतील, आणि त्यांच्या घरी काय चालतं हे तिला माहीत नाही. पण रक्कम मर्यादित आहे आणि आम्ही तो विषय तिथेच ठेवला.

शेवटी तिनं कागद काढला. रक्कम आणि तिच्यापुढे दोन रकाने.

“निम्मे खोलीला. त्यावर मी हटणार नाही. बांधायची नाही म्हणतेस तर भाड्यानं घेऊ, गावात, शेजार असलेली. कडी आतून, किल्ली तिच्याकडे. निम्मे तुझ्या त्या खुर्चीला. पण तीन वर्षं. वर्षाला वर्षाला अर्ज करायला लावू नकोस कुणाला.”

“तीन वर्षं चालेल.”

“आणि मला दर सहा महिन्यांनी हिशेब हवा. किती बायका सुटल्या ते लिहून दे.”

“सुटल्या किती ते लिहिणार नाही. किती जणींनी दुसऱ्यांदा फोन केला ते लिहीन.”

“त्यातून मला काय कळणार?”

“पहिल्यांदा आपण नीट वागलो की नाही ते.”

आत्यानं त्यावर बराच वाद घातला. आकडा उलटाही वाचता येतो, म्हणाली. पुन्हा फोन केला म्हणजे पुन्हा मार पडला, असंही कुणी म्हणेल. तिचं बरोबर आहे आणि त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, म्हणून दोन्ही लिहायचं ठरलं: कितीजणींनी पुन्हा फोन केला, आणि का केला. अट मात्र तिनं कागदावर लिहिली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मला अजून ते पटलेलं नाही. पण ज्या बाईला मी ठेवून घेतलं होतं, ती भावाकडून पुढच्या वर्षी परत सासरी गेली होती. तिची मुलगी दहावीपर्यंत माझ्याच वसतिगृहात राहिली. तेव्हा मी फी मागितली नव्हती, आता अट कुठल्या तोंडानं घालू?” मग तिनं चष्मा काढला आणि भाड्याच्या खोलीसाठी तिच्या ओळखीच्या घरमालकाला फोन लावला.